कलर झेरॉक्सचा प्रिंट बिघडला तर आधी कागद वाचा

प्रिंटवर रेघ आली की टोनर बदला, डाग आला की ड्रम बदला, तरी नाही गेला की इंजिनिअरला फोन करा. बऱ्याच ऑफिसांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत हाच क्रम चालतो. यात पैसा जातो आणि दोष बहुतेक वेळा जागच्या जागी राहतो. कलर मशीनमध्ये एकाच कामाचे चार-चार संच असतात, त्यामुळे अंदाजाने हात घातला तर भलताच भाग बदलला जातो. बिघडलेला कागद मात्र बरंच काही नेमकं सांगत असतो: दोष कुठल्या रंगात आहे, कुठल्या दिशेने आहे, किती अंतरावर परत उमटतोय. ते वाचायला एक स्टीलची पट्टी, पेन, मोबाईल आणि पंधरा मिनिटं पुरतात.

पुढची माहिती ए३ कागद घेणाऱ्या, जमिनीवर उभ्या असणाऱ्या कलर लेझर मशीनसाठी आहे. शाईच्या इंकजेट मशीनला ती लागू नाही.

आत काय चालतं, थोडक्यात

रंग चार: सायन म्हणजे आकाशी, मॅजेन्टा म्हणजे आपला राणी कलर, पिवळा आणि काळा. प्रत्येक रंगाला स्वतःचा ड्रम म्हणजे चित्र धरणारा फिरता दंडगोल, त्यावर टोनर चढवणारं स्वतःचं डेव्हलपर युनिट आणि लेझरची स्वतःची वाट. ड्रमवर आधी सगळीकडे सारखा विद्युतभार चढवला जातो; बहुतेक मशीनांत तो ऋण असतो. हे काम चार्ज रोलर किंवा बारीक तार करते. मग लेझर जिथे पडतो तिथला भार उतरतो आणि टोनर, म्हणजे रंगाची बारीक पूड, नेमका तिथेच चिकटतो. चारही ड्रम आपापल्या पहिल्या ट्रान्सफर रोलरच्या मदतीने आपापला रंग एका लांब बेल्टवर एकावर एक टाकतात. बेल्टवरचं पूर्ण चित्र दुसऱ्या ट्रान्सफर रोलरपाशी कागदावर उतरतं आणि फ्युजर साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसला ते वितळवून, दाबून पक्कं करतो.

यातली एक गोष्ट पाठ करून ठेवा, कारण पुढचं अर्धं निदान तिच्यावरच चालतं. लेझरची वाट अडली तर त्या जागी टोनर येत नाही, म्हणजे पांढरी रेघ पडते. ड्रमवर भार नीट चढला नाही तर नको तिथे टोनर येतो, म्हणजे रंगीत रेघ किंवा पट्टा दिसतो.

पहिला प्रश्न: स्कॅनर की प्रिंट?

दोष कॉपीत दिसतोय म्हणजे तो प्रिंट करणाऱ्या भागातच आहे असं धरू नका. तोच कागद फीडरमधून स्कॅन करून त्याची पीडीएफ कॉम्प्युटरवर मोठी करून बघा. रेघ पीडीएफमध्येच असेल तर ड्रम, टोनर, बेल्ट सगळे सुटले. पीडीएफ स्वच्छ आणि कॉपी खराब, तर दोष प्रिंटच्या बाजूचा.

फीडरमधून रेघ येते पण मोठ्या काचेवर कागद ठेवून केलेली कॉपी स्वच्छ निघते, हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. मोठ्या काचेच्या डाव्या बाजूला बोटभर रुंदीची एक अरुंद काच असते. फीडरमधला कागद तिच्यावरून सरकतो आणि स्कॅनर खाली एका जागी थांबून त्याला वाचतो. त्यामुळे या काचेवरचा मोहरीच्या दाण्याहून लहान कणही पानभर लांब रेघ होऊन उमटतो. हा कण बहुतेकदा व्हाईटनरचा, गोंदाचा किंवा ओल्या शिक्क्याच्या शाईचा असतो. नुसत्या डोळ्यांनी तो चटकन दिसत नाही. मोबाईलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून आडवा धरा, कणाची सावली पडते. किंवा नख अलगद काचेवरून फिरवा, अडखळेल तिथे कण आहे. धागे न सुटणारं कापड किंचित ओलं करून पुसा. व्हाईटनर निघत नसेल तर कापडावर दोन-तीन थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने हळूच खरवडा. ब्लेड वापरू नका. द्रव थेट काचेवर ओतू नका, तो कडेने आत उतरतो.

दोन्ही बाजू एकाच फेरीत वाचणारा फीडर असेल तर त्याच्या आत आणखी एक काच असते. फक्त मागच्या पानावर रेघ येत असेल तर ती काच बघा.

दुसरा प्रश्न: कुठल्या रंगात?

मशीनच्या मेन्यूत टेस्ट पॅटर्न असतील तर चारही रंगांचं एकेक पान काढा. पुष्कळ मशीनांत कॉपीसाठी सिंगल कलरचा पर्याय असतो. करड्या छटांचा एखादा फोटो काचेवर ठेवून त्याच्या आकाशी, राणी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार कॉप्या काढल्या तरी काम होतं. गडद भागाबरोबर फिकट छटाही हवी. शंभर टक्के भरीव रंगात बारीक दोष दडून जातात, तीस टक्क्यांच्या छटेत लगेच उघडे पडतात. जोडीला एक पूर्ण कोरं पान प्रिंट करा.

ही सगळी पानं ए३ कागदावर काढा, कारण पुढे अंतर मोजायला लांबी लागते. प्रत्येक पान किमान तीन वेळा काढा. एकदाच दिसलेल्या दोषामागे लागू नका.

पिवळ्या रंगातला दोष पांढऱ्या कागदावर दिसतच नाही आणि म्हणून महिनोन् महिने सुटून जातो. मोबाईलवर गर्द निळं चित्र पूर्ण स्क्रीनभर लावा, ब्राइटनेस वाढवा, खोलीत अंधार करा आणि तो उजेड पिवळ्या पानावर पाडा. निळ्या उजेडात पिवळा रंग काळपट दिसतो आणि त्यातली पांढरी रेघ किंवा ठिपका ठळक होतो.

टेस्ट पान काढता येत नसेल तर मिश्र रंगांवरून ओळखा. लाल हा राणी आणि पिवळ्याचा, हिरवा आकाशी आणि पिवळ्याचा, निळा आकाशी आणि राणीचा बनतो. हिरव्याचा आकाशी झाला आणि लालाचा राणी, तर पिवळा येत नाहीये. लाल जागी पिवळं आणि निळ्या जागी आकाशी आलं, तर राणी गायब. हिरव्याच्या जागी पिवळं आणि निळ्याच्या जागी राणी दिसलं, तर आकाशी बंद.

दोष एकाच रंगात असेल तर त्या रंगाचा ड्रम, डेव्हलपर, लेझरची वाट आणि त्या जागचा पहिला ट्रान्सफर रोलर एवढेच संशयित उरतात. चारही रंगांत एकाच जागी असेल तर सगळ्यांना सामाईक असलेले भाग बघा: बेल्ट, दुसरा ट्रान्सफर रोलर, फ्युजर आणि कागद.

तिसरा प्रश्न: रेघ कुठल्या दिशेने?

इथे नवीन माणूस हमखास फसतो. ए४ कागद बहुतेक मोठ्या मशीनांत लांब कड पुढे ठेवून जातो, ए३ मात्र आखूड कड पुढे ठेवून. त्यामुळे "उभी रेघ", "आडवी रेघ" या शब्दांनी गोंधळच होतो. कागद बाहेर पडताना जी कड आधी दिसते तिच्याकडे बाण काढा. मग एवढंच ठरवा: रेघ बाणाच्या दिशेने आहे की बाणाला आडवी.

बाणाच्या दिशेने जाणारी अखंड रेघ म्हणजे कुठेतरी एका जागी काहीतरी अडलंय किंवा घासतंय. एकाच रंगात फिकट, पांढुरकी, कडा जराशा धूसर असलेली रेघ असेल तर पहिला संशय लेझरच्या काचेवरच्या धुळीचा. ही सगळ्यात स्वस्तात जाणारी तक्रार आहे. पुष्कळ मशीनांत पुढचं दार उघडलं की आतल्या बाजूला लांब दांडी अडकवलेली असते, तिच्या टोकाला मऊ पॅड असतं. ती रंगाच्या खाचेत शेवटपर्यंत घालून सावकाश बाहेर ओढायची, असं तीन-चार वेळा. चारही खाचा करा. दांडीचं पॅड काळं झालं असेल तर आधी ते झटका किंवा बदला, नाहीतर तुम्ही धूळ आत नेऊन लावाल.

पुसूनही पांढरी रेघ तशीच राहिली आणि तिची कड धारदार असेल, तर डेव्हलपर युनिटमध्ये टोनरची जाडी राखणाऱ्या पट्टीत गुठळी किंवा कचरा अडकलेला असू शकतो. ते उघडणं इंजिनिअरचं काम.

रंगीत, बारीक, सुरीने ओढल्यासारखी रेघ कोऱ्या पानावरही येत असेल तर ड्रमवर ओरखडा आहे किंवा ड्रम पुसणाऱ्या ब्लेडच्या कडेला खाच पडली आहे. ड्रम युनिट बदलण्याला पर्याय नसतो. कडा पसरट असलेला रंगीत पट्टा मात्र चार्जच्या तारेचा किंवा रोलरचा असू शकतो. तारेची मशीनं असतील तर ती पुसायची मूठ दिलेली असते. पूर्ण बाहेर, पूर्ण आत, अशी चार-पाच वेळा ओढा आणि शेवटी पूर्ण आत बसली का ते बघा. अर्धवट राहिलेली मूठ स्वतःच नवी रेघ तयार करते.

बाणाला आडवी रेघ किंवा पट्टा आला तर काहीतरी फिरणारं बिघडलंय. अशा वेळी पट्टी काढा.

अंतर मोजा: ही या कामातली सगळ्यात मोलाची सवय

फिरणाऱ्या रोलरवर एका जागी डाग असेल तर तो दर फेऱ्याला एकदा कागदावर उमटतो. दोन डागांमधलं अंतर म्हणजे त्या रोलरचा परीघ, आणि परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४. म्हणून दोन सारख्या डागांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि ३.१४ ने भागा, गुन्हेगाराचा व्यास हातात येतो.

समजा ए३ पानावर आकाशी रंगात पांढरे ठिपके आहेत, पहिला कडेपासून ३१ मि.मी.वर, मग १२५, २१९, ३१३ आणि ४०७ वर. दर वेळी ९४ मि.मी. चा फरक. ९४ भागिले ३.१४ म्हणजे ३० मि.मी. व्यास. ऑफिसच्या मशीनांत ३० मि.मी. चा ड्रम सर्रास असतो, आणि दोष एकाच रंगात आहे. म्हणजे आकाशी ड्रम. मशीनला हात न लावता निदान झालं.

नेहमी भेटणारे आकडे असे: १२ मि.मी. व्यासाचा रोलर दर ३७.७ मि.मी. ला उमटतो, १४ चा ४४ ला, १६ चा ५०.३ ला, २० चा ६२.८ ला, २४ चा ७५.४ ला, ३० चा ९४.२ ला, ४० चा १२५.७ ला आणि ६० चा १८८.५ ला. साधारणपणे लहान अंतर चार्ज रोलरचं किंवा ट्रान्सफर रोलरचं, मधलं ड्रमचं, मोठं फ्युजरचं. पण तुमच्या मॉडेलचे खरे व्यास इंजिनिअरकडून एकदा विचारून घ्या आणि मशीनच्या दाराच्या आत कागदावर लिहून चिकटवा. पुढची कित्येक वर्षं तो कागद कामाला येईल.

एक अपवाद ध्यानात ठेवा. डेव्हलपरचा रोलर ड्रमपेक्षा जास्त वेगाने फिरतो, त्यामुळे कागदावर त्याचं अंतर परिघाहून कमी पडतं. २० मि.मी. चा रोलर दीडपट वेगाने फिरत असेल तर डाग ६२.८ ऐवजी सुमारे ४२ मि.मी. ला येतो. हिशेब कुठल्याच रोलरशी जुळत नसेल तर हे आठवा.

बेल्टवरचा ओरखडा वेगळा ओळखता येतो. बेल्ट इतका लांब असतो की त्याचा डाग एका पानावर एकदा येतो, पुढच्या पानावर दुसऱ्याच जागी किंवा येतच नाही. सलग दहा पानं काढून क्रमाने जमिनीवर एकापुढे एक मांडा, लय लगेच दिसते.

ड्रम की फ्युजर? मध्येच थांबवून बघा

ड्रम आणि फ्युजरचा रोलर दोन्ही ३० मि.मी. चे असले तर मोजून भागत नाही. छापलेल्या अक्षरांची पुसट सावली पुढे परत दिसते तेव्हाही हाच प्रश्न पडतो, कारण ती सावली दोन्हींपैकी कुठेही जन्मू शकते.

अशा वेळी ए३ पान प्रिंटला सोडा आणि कागद आत जाऊन बेल्टपाशी पोचला की पुढचं दार उघडा. दोन-तीन प्रयत्नांत वेळ जमते. मशीन थांबेल. बाजूचं दार उघडून कागद हळूच काढा. त्याचा काही भाग फ्युजरमध्ये गेलेला असेल, काही भाग अजून कच्चा. कच्च्या भागावरचा टोनर फुंकरीनेही उडतो, म्हणून कागद आडवा धरा. कच्च्या भागातच दोष दिसला तर फ्युजर निर्दोष. कच्चा भाग स्वच्छ आणि भाजलेला खराब असेल तर फ्युजरच. बेल्ट बाहेरून दिसत असेल तर टॉर्च मारून त्याच्यावरचं चित्रही बघा. बेल्टवर चित्र चांगलं आणि कागदावर खराब असेल, तर दुसरा ट्रान्सफर रोलर किंवा कागदच संशयित.

फ्युजरच्या खुणेची आणखी एक ओळख आहे. पान डोळ्यांच्या पातळीला आणून खिडकीच्या उजेडाकडे तिरकं धरा. फ्युजरचा ओरखडा रंगापेक्षा चमकेत जास्त दिसतो.

फिक्का प्रिंट आणि मळकट कागद

फिक्का प्रिंट आला की आधी फुकटातल्या गोष्टी तपासा. प्रिंट सेटिंगमध्ये टोनर सेव्ह चालू राहिलाय का, डेन्सिटी कुणी खाली ओढलीय का. नवा टोनर लावताना बाटली आडवी धरून पाच-सहा वेळा हलवली होती का आणि सीलची पट्टी पूर्ण ओढली होती का. मग लेझरच्या काचा पुसा, कारण सगळीकडे सारखी धूळ बसली की रेघ न पडता पूर्ण रंगच उतरतो.

एरवी काळं काम जास्त आणि कलर क्वचित, अशा ऑफिसांत एक खास अडचण येते. रंगांचं डेव्हलपर, म्हणजे टोनर आणि लोहमिश्रित दाण्यांचं मिश्रण, आत ढवळलं जातं पण टोनर खर्च होत नाही. तोच जुना टोनर घुसळला जाऊन त्याचा भार बिघडतो आणि रंग फिक्का किंवा मळकट यायला लागतो. त्या रंगाने भरलेली ए३ ची दहा-पंधरा पानं सलग काढा. जुना टोनर निघून ताजा आत येतो आणि पुष्कळदा फरक तिथेच पडतो. टोनर वाया जातोय असं वाटेल, पण डेव्हलपर बदलण्यापेक्षा हे खूप स्वस्त आहे.

मळकट कागद ओळखायला छापलेलं कोरं पान आणि रिममधला ताजा कागद खिडकीपाशी शेजारी धरा. फरक दिसला तर भिंगातून बघा. बारीक कण कुठल्या रंगाचे आहेत ते कळलं की युनिट कळलं. कारणं तीन-चारच: डेव्हलपर म्हातारं झालंय, चार्ज रोलर घाण आहे, हवा दमट आहे, किंवा टोनर चुकीचा आहे. डेव्हलपरमध्ये लोहमिश्रित बारीक दाण्यांच्या सोबत वजनाने साधारण ६ ते ८ टक्केच टोनर असतो आणि त्या दाण्यांशी घासण्यातूनच टोनरला भार मिळतो. वेगळ्या घडणीचा सुटा टोनर भरला की हे गणित कोसळतं. टोनर उडतो, कागद मळतो, आतली सगळी यंत्रणा माखते. वेस्ट टोनरच्या डब्यातला टोनर तर कधीही परत भरू नका. त्यात कागदाचा भुगा आणि चार रंगांची भेसळ असते.

नवीन डेव्हलपर भरल्यावर सर्व्हिस मोडमधून त्याची नोंद करून सेन्सर शून्याला आणावा लागतो. ते राहून गेलं तर मशीन जुन्या हिशेबाने टोनर ओतत राहतं.

पावसाळा

झेरोग्राफी या शब्दाचा ग्रीक अर्थच "कोरडं लेखन". चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात पहिली प्रत काढली तेव्हा गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर कापड घासून भार चढवला होता. आजचं मशीन कितीही पुढे गेलं तरी काम स्थिर विजेवरच चालतं, आणि ओला कागद वीज धरून ठेवत नाही. जून ते सप्टेंबर, विशेषतः कोकण, गोवा आणि मुंबईत, प्रिंटच्या पुष्कळशा तक्रारींचं मूळ कागदातच असतं.

ओल्या कागदाची खूण: भरीव रंगात ढगाळ डाग, कुठे गडद कुठे पुसट, पानागणिक डागांची जागा वेगळी. कागद बाहेर पडताना वाफ दिसते आणि कड वळते. खात्री करायला नवं रिम फोडून लगेच पाच पानं काढा. ती चांगली आली तर मशीनला हात लावू नका.

उपाय साधे आहेत, पण रोज करावे लागतात. संध्याकाळी ट्रेमध्ये उरलेला कागद काढून रिमच्या वेष्टनात गुंडाळून ठेवा; त्या वेष्टनाला आतून ओल अडवणारा थर असतो. रिमचे गठ्ठे जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, वीतभर उंच फळीवर ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मशीनचा भिंतीवरचा स्विच रात्री बंद करू नका. बऱ्याच मशीनांत ट्रेखाली आणि स्कॅनरपाशी ओल घालवणारे छोटे हीटर असतात. पॅनेलवरून मशीन बंद केलं तरी ते चालू राहतात, पण भिंतीवरचं बटण खाली केलं की तेही मरतात. वीज वाचवायच्या चांगल्या हेतूने शिपाईदादा रोज रात्री बटण बंद करतात आणि सकाळी दहाला प्रिंट खराब येतो. हीटर तुमच्या मशीनला बसवलेत का आणि त्यांचं वेगळं बटण चालू आहे का, हे इंजिनिअरला विचारा.

एसी बंद करून खिडक्या उघडल्या की दमट हवा आतल्या गार आरशांवर आणि काचांवर दव धरते. सकाळचा पहिला अर्धा-पाऊण तास प्रिंट पुसट, नंतर आपोआप ठीक, असं असेल तर कारण हेच. मशीन चालू ठेवून थांबा.

उलट टोकाला विदर्भातला मे महिना. हवा इतकी कोरडी की कागद एकमेकांना चिकटतात, दोन-दोन ओढले जातात, अक्षरांभोवती टोनर शिंपडल्यासारखा दिसतो. तिथे कागद ट्रेमध्ये घालण्याआधी नीट फुलवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. कूलरचा झोत मशीनवर घेऊ नका.

टोनर बोटाने पुसला जातो

छापलेल्या गडद भागावर चिकटपट्टी लावून उचला. रंग सोबत आला तर तो पक्का झालेला नाही. दहापैकी बहुतेक वेळा ट्रेवर कागदाची जात चुकीची लिहिलेली असते. २५० जीएसएमचा आर्ट कार्ड घालून सेटिंग साधा कागद ठेवलं तर मशीन वेगात आणि कमी उष्णतेत तो पळवतं. प्रमाणपत्रं, निमंत्रणपत्रिका छापताना जाड कागद निवडा. मशीनचा वेग कमी होईल, ते बरोबरच आहे. खरखरीत हँडमेड कागदाच्या खोलगट जागा पांढऱ्या राहत असतील तरीही जाड किंवा खडबडीत कागदाची सेटिंग लावून बघा.

याच्या उलट ७० जीएसएमचा कागद जाड म्हणून पाठवला तर टोनर जास्त वितळून फ्युजरला चिकटतो आणि एका फेऱ्याने पुढे सावली उमटते. काही मशीनांत लिफाफ्यांसाठी फ्युजरचा दाब कमी करणारे खटके असतात. लिफाफे झाल्यावर ते परत वर करायला विसरलं तर सगळंच काम पुसलं जातं.

इंकजेटचा ग्लॉसी फोटो पेपर ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी घालू नका. त्याचा थर फ्युजरमध्ये वितळतो, कागद रोलरला गुंडाळला जातो आणि फ्युजर युनिट जातं. स्टिकर आणि प्लास्टिकचे शीट पाकिटावर लेझरसाठी असं छापलेलं असेल तरच.

रंग सरकले, रंग बदलले

अक्षराच्या एका कडेला राणी आणि दुसऱ्या कडेला आकाशी किनार दिसली तर मेन्यूतून कलर रजिस्ट्रेशन चालवा, एक-दोन मिनिटांचं काम. रंगाची छटाच बदलली असेल तर ग्रेडेशनचं कॅलिब्रेशन. मशीन पट्ट्यांचं पान छापतं, ते काचेवर उलटं ठेवायचं आणि त्यावर आठ-दहा कोरे पांढरे कागद ठेवून झाकण लावायचं, म्हणजे पाठीमागचं काही दिसत नाही. काच पुसलेली हवी, कागद कोरडा आणि रोजच्या वापरातला हवा. सफाई आधी, कॅलिब्रेशन शेवटी. रेघ असलेल्या पानावर कॅलिब्रेशन केलं तर मशीन चुकीचाच रंग बरोबर समजून बसतं.

स्क्रीनवरचा गर्द निळा प्रिंटवर जांभळट येतो, ही मशीनची खोट नसते. स्क्रीन उजेडाने रंग बनवते आणि कागदावर तो आकाशी आणि राणीच्या मिश्रणातून काढावा लागतो. निळ्यातला राणी कमी करा, तरच जांभळी झाक जाईल.

आत हात घालण्याआधी

फ्युजरपाशी जायचं असेल तर प्लग काढून किमान अर्धा तास थांबा. ड्रमच्या चमकत्या पृष्ठभागाला बोट लावू नका, त्यावर अल्कोहोल तर मुळीच नको. बाहेर काढलाच तर लगेच काळ्या कागदात गुंडाळा, उजेडाने तो खराब होतो. बेल्टही अल्कोहोलने पुसू नका. सांडलेला टोनर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका; कण गाळणीतून पार होऊन खोलीभर पसरतात आणि आतल्या मोटरच्या ठिणगीने पेटूही शकतात. ओल्या कापडाने अलगद टिपा. कपड्यांवर पडला तर आधी झटका, मग गार पाण्याने धुवा, कारण गरम पाण्यात तो कायमचा चिकटतो. दाराचा स्विच दाबून धरून मशीन उघडं चालवणं कधीही करू नका, आत लेझर आणि उच्च दाबाची वीज आहे.

इंजिनिअरला काय सांगायचं

"प्रिंट खराब येतोय" एवढ्यावर फोन ठेवला तर माणूस रिकाम्या हाताने येतो आणि भाग आणायला परत जातो. त्याऐवजी असं सांगा: कॉपी आणि प्रिंट दोन्हींत, फक्त राणी रंगात, बाणाला आडवे पट्टे, दर ९४ मि.मी. ला, कोऱ्या पानावर नाही, लेझरच्या काचा पुसून झाल्या, काउंटर (आजवर छापलेल्या पानांचा आकडा) अमुक. मग तो योग्य ड्रम गाडीत टाकूनच निघेल.

खराब पानं त्याच्यासाठी जपून ठेवा. प्रत्येकावर तारीख, काउंटर, ट्रेचा नंबर आणि दिशेचा बाण लिहा, आणि पानं सपाट फाइलमध्येच ठेवा. घडी घातली की तिथला टोनर तडकतो आणि पानावर आणखी एक पांढरी रेघ तयार होते.